आईची कारव

कारव आठ वर्षांनी फुलली आणि ते अनिताला भावजयीकडून कळलं. सापगावहून निघाल्यापासून ही गोष्ट तिला चपलेत शिरलेल्या खड्यासारखी टोचत होती. "ताई, डोंगर जांभळा झालाय. आईंची कारव तर नुसती लगडलीय. दोन दिस आधीच या," असं रुपाली फोनवर म्हणाली होती. आग्रह अगदी मनापासूनचा होता आणि म्हणूनच अनिताला तो सोसला नव्हता. आपल्याच आईच्या घरी, आपल्याच आईची कारव बघायला आपल्याला कुणीतरी बोलावतंय!

मागल्या खेपेला, दोन हजार साली, बोलावणं आईनं धाडलं होतं. मुरबाडच्या एसटीच्या कंडक्टरपाशी दिलेली चिठ्ठी, कुणाकडून तरी लिहून घेतलेली. 'कारव फुलली. गणपतीला मखर करते. ये.' तेव्हा शाळेची तपासणी होती. अनिता गेली नव्हती. पुढच्या फुलोऱ्याला जाऊ, असं तिनं मनाशी म्हटलं होतं. तो फुलोरा आता आला होता आणि आईचं वर्षश्राद्ध आषाढातच उरकलं होतं.

टोकावड्याला उतरून ती वाडीची चढण चढली तेव्हा दुपार कलली होती. अंगणात पाय टाकल्या टाकल्या ती थबकली. पडवीची भिंत नव्यानं गेरूनं रंगवली होती आणि तिच्यावर तांदळाच्या पिठाची पांढरी किनार होती. खाली ठिपक्यांची ओळ, वर भाताच्या लोंब्या. ती किनार आईचीच होती. खजुरीच्या काडीचं टोक ठेचून त्याचा कुंचला करून आई ती काढायची. आईचं मनगट एकदा बांधावरून पडून मोडलं होतं आणि वाकडं जुळलं होतं. तेव्हापासून तिची प्रत्येक लोंबी डावीकडे कलायची.

भिंतीवरची प्रत्येक लोंबी डावीकडे कललेली होती. रुपालीचं मनगट चांगलं धडधाकट होतं.

'हिनं आईचं दुखणंसुद्धा उचललं,' अनिताच्या मनात आलं.

"आली गो माजी अनी!" लहानी आत्या उंबऱ्यातूनच ओरडली. ती म्हशाहून सकाळीच आली होती. अनिताच्या वडलांची, देवरामची ही धाकटी बहीण. घरात कुठलाही सण तिच्याशिवाय सुरू होत नसे आणि कुठलंही भांडण तिच्याशिवाय संपत नसे. "बघलास घर? मी तर दारातनं बघलं न् छातीत धस्स झालं. म्हटलं, वैनी आली का काय माघारी!"

"छान झालंय," अनिता म्हणाली.

आत शेणानं सारवलेली जमीन अजून ओलसर होती आणि खोलीला तो ओळखीचा थंड वास होता. आईची जुनी सुपं रुपालीनं भिंतीवर उलटी टांगली होती आणि त्यांच्यावरही लोंब्या काढल्या होत्या. देवळीत वाळक्या भोपळ्याला भोकं पाडून त्यात पणती ठेवली होती. कोपऱ्यात मखराचा कळकाच्या बांबूंचा सांगाडा उभा होता, रिकामा. एकही वस्तू विकत आणलेली नव्हती. अनिताच्या पिशवीत शहापूरच्या बाजारातून घेतलेल्या जरीच्या झिरमिळ्या होत्या. तिनं पिशवी उघडलीच नाही.

रुपाली मागल्या दारानं आली. हात कोपरापर्यंत शेणानं माखलेले, म्हणून तिनं लांबूनच वाकून नमस्कार केला. "ताई, पाणी दिलं का कोणी? आवो, ऐकलं का, ताईंना पाणी द्या."

जगननं तांब्या आणून दिला. अनितापेक्षा सात वर्षांनी लहान असलेला हा भाऊ बायकोच्या कामावर खूश होता आणि ते त्याला लपवताही येत नव्हतं. "ताई, यंदा मखर बघशील तू. टोकावड्याची माणसं येनार हायेत बघायला. मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, कारवीचं मखर म्हणून."

"मखर कोण बांधतंय पण?" आत्यानं पान जुळवता जुळवता विचारलं. आवाज साधा होता, पण अनिताला तो ओळखीचा होता. आत्या बाजू निवडत होती. "वैनीची लेक घरात हाय. लेकीचा मान पयला."

"आत्या, दोन हजारचं मखर रुपालीनं आयेसंगती बांधलेलं. तिला सगळं ठाव हाय," जगन म्हणाला.

"ठाव असंल. सून ती सून न् लेक ती लेक."

देवराम खांबाला टेकून वाखाची दोरी वळत बसला होता. बायको, सकू, गेल्यापासून तो असाच काहीतरी वळत बसायचा. त्यानं मान वर केली नाही.

"त्यात काय, दोघी मिळून बांधू," रुपाली म्हणाली. "उद्या हरतालका. सांजंला ताई न् मी जाऊ वर. कारव सांजंलाच कापायची आसती ताई, आन ती पन..."

"मला माहीत आहे गं," अनिता म्हणाली. "याच घरात वाढले मी."

"व्हय तर," म्हणून रुपाली हात धुवायला निघून गेली.

अनिताला माहीत काहीच नव्हतं. चौऱ्याऐंशी सालचा फुलोरा तिला आठवत होता. ती अठरा वर्षांची होती, पडवीत पुस्तक घेऊन बसलेली, आणि आई आत-बाहेर करत होती. एकदा ती मदतीला उठली तर आईनं तिला हातानंच मागे सारलं होतं. "तू वाच. कारव चिकट आसती, वही खराब होईल." वाडीतली पहिली मुलगी कॉलेजात गेली, ती त्या चिकट हातांच्या जोरावर. तेव्हा अनिताला ते लाड वाटले होते. आता या सारवलेल्या घरात उभं राहून तिला वाटत होतं की आपण सारं आयुष्य आईच्या कामाच्या बाहेरच बसलो. आईशेजारी आठ-आठ तास बसण्याचं सुख रुपालीच्या वाट्याला गेलं. आपल्याला नुसती सुट्टी मिळाली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच कुणाला न सांगता ती कोयता घेऊन निघाली. वरच्या ठाकरवाडीतल्या रखमीला तिनं हाक मारून बरोबर घेतलं. रखमी आईच्या वयाची. रानातली पानं, कंद, कळक सगळं ती आईला आणून द्यायची.

आईची कारव म्हणजे वरच्या वावराच्या माथ्याला, खडकाच्या पोटाशी राखलेलं एक रान होतं, फार तर दोन अंगणांएवढं. डोंगरावरची बाकीची कारव पार कड्यापलीकडे होती, जाऊन यायला अख्खा दिवस मोडावा अशी. तिथे गुरं सोडायची नाहीत, कुडासाठी काठ्या तोडायच्या नाहीत, असा आईचा दंडक. आज ते सगळं जांभळं झालं होतं. कणसाकणसांतून फुलं बाहेर आली होती, मधमाश्यांचा एकसारखा आवाज चालला होता आणि हवेत तो उग्र-गोड वास होता. अनिताला अचानक रडू येईल असं वाटलं. तिनं कोयता घट्ट धरला.

"आताच कापतीस बाय?" रखमीनं विचारलं. "सकूबाय सांजंला यायची."

"दिवसभर बांधायला वेळ मिळेल."

"आन फुललेली नाय घ्यायची ती. मिटलेली घ्यायची. दहांत येक घ्यायची न् बाकीची सोडायची."

"यंदा मखर मोठं करायचंय, रखमी."

पहिल्या पाच-सात फांद्या तिनं निवडून कापल्या. मग तिच्या मनात आलं, आपण थोडी नेली तर सांजंला रुपाली येईल. ती आपली आपली निवडून कापेल, आणि आईसारखंच बांधेल. शेजारी शेजारी दोन हातांचं काम राहील, आणि आईचा हात कुठला हे कुणालाही कळेल.

त्यानंतर तिनं निवडणं सोडून दिलं. ती ओळीनं कापत गेली. हाताला चीक लागला, पानांच्या कडांनी मनगटं ओरबाडली, माश्या उठल्या, तरी ती थांबली नाही. रखमीनं आपला कोयता कमरेला खोचला आणि ती दगडावर जाऊन बसली.

"मला नको सांगू कापाया. भारा नेईन मी. कापनार नाय," ती म्हणाली.

ऊन वर आलं तेव्हा खडकाच्या पोटाशी नुसते खुंट उरले होते. वर, हात पुरणार नाही अशा कपारीत, एक झुडूप तेवढं राहिलं होतं.

दोन भारे घेऊन त्या अंगणात उतरल्या तेव्हा जगन दात घासत होता. तो ओरडलाच. "आयला! ताई, अख्खा डोंगर उचलून आणलास काय!" आत्या बाहेर आली आणि तिनं दोन्ही हात गालांवर ठेवले. वाडीतली दोन-तीन माणसंही जमली.

रुपाली शेवटी आली. तिनं भाऱ्यांकडे बघितलं, फुललेल्या कणसांकडे बघितलं, मग वर डोंगराकडे बघितलं.

"सगळी?" तिनं हळूच विचारलं.

"पुरायला हवी ना," अनिता म्हणाली.

रुपाली आत गेली आणि पाण्यानं भरलेला मोठा हंडा ओढत घेऊन आली. पाठोपाठ भिजवलेली गोणपाटं. "ताई, निदान पाण्यात उभी करा. वरनं ओलं टाकू. अंधाऱ्या खोलीत ठेवू."

"नको. मी लगेच बांधायला घेते."

"पन ताई..."

"रुपाली, एवढं तरी मला करू दे."

हे ती इतक्या जोरात म्हणाली की आत्यासुद्धा पान चावायची थांबली. रुपालीनं हंडा भिंतीशी सरकवला आणि ती चुलीकडे गेली.

अनितानं एकटीनं मखर बांधलं. सुंभाच्या गाठी तिला नीट येत नव्हत्या. शाळेत स्नेहसंमेलनाचं पडद्याचं काम करताना मारतात तशा दुहेरी गाठी तिनं मारल्या. पण फुलंच इतकी होती की गाठी दिसत नव्हत्या. कळकाचा सांगाडा पार झाकून गेला. दोन्ही बाजूंनी जांभळे खांब, वर कमान, मागे भरगच्च भिंत. दुपारी बारापर्यंत ती उपाशीपोटी उभी होती आणि एकदाही तिला भूक लागली नाही.

"वैनीच्या वरताण!" आत्या म्हणाली. "देवराम दादा, ये रे, बघ तुझ्या लेकीनं काय केलंय."

देवराम आला. त्यानं मखराकडे बराच वेळ बघितलं. एका फुलाला बोट लावलं. मग "दमली आसशील. बस," एवढं म्हणून तो पुन्हा आपल्या दोरीकडे गेला. वाडीतल्या बायका येऊन बघून गेल्या. जगननं टोकावड्याच्या मित्राला फोन लावून वर्णन सांगितलं. अनिता भिंतीला टेकून बसली. वर्षभरात पहिल्यांदा तिला हलकं वाटत होतं. रुपालीच्या लोंब्या आता तिला लोंब्यांसारख्याच दिसत होत्या. तिला डुलकी लागली.

ती जागी झाली ती आत्याच्या आवाजानं.

"अगो बाय माजे! हे काय झालं?"

सारवलेली जमीन जांभळी झाली होती. फुलं गळत होती. एखाद-दुसरं नव्हे, सगळीच. वाऱ्याची झुळूक नसतानाही ती सुटत होती आणि ओल्या सारवणाला चिकटून काळी पडत होती. अनिता धावली. एक फूल तिनं परत कणसात खोचायचा वेडा प्रयत्न केला. तिच्या हाताच्या धक्क्यानं आणखी दहा पडली. चारच्या सुमारास कमानीवर नुसती तपकिरी चिकट कणसं राहिली आणि त्यांच्या खालची पानंही मलूल होऊन मुडपली. आता सगळ्या गाठी दिसत होत्या.

जगन बाहेरून आला. दारातच थांबला. त्यानं बहिणीकडे बघितलं नाही. तो बायकोवर उसळला.

"तुला ठाव होतं ना गो? कारव कवा कापायची, कशी ठेवायची, आयेनं तुला शिकवलेलं ना? मग तोंडात काय घातलेलंस? उद्या माणसं येनार हायेत! माझी नाय, आयेची लाज गेली!"

"आरं, तिच्यावर कशाला..." आत्यानं सुरुवात केली. मग तिनं मखराकडे बघितलं, आणि तिची बाजू तिथल्या तिथे बदलली. "तसं बगाया गेलं तर सांगायला पायजे हुतं रुपाली. अनीला काय कळतंय रानातलं? ती शिकल्याली बाई."

रुपाली चुलीपाशी उभी होती. तिनं पदराला हात पुसले.

"माझंच चुकलं," ती म्हणाली. "मीच ताईंना म्हटलं, सकाळी जा, फुललेली आणा, मखर भरून दिसंल. माझ्या ध्यानात रायलं नाय."

ती अगदी सहज बोलली होती. हा आवाज अनितानं ऐकलेला होता. ती नऊ वर्षांची असताना तिच्या हातून शेजाऱ्यांची दुधाची कासांडी कलंडली होती आणि आई अशीच पदराला हात पुसत म्हणाली होती, 'माझ्याच हातून गेली.' अगदी असंच, जसं काही दूधच मोठी गोष्ट आहे आणि दोष किरकोळ.

लोंब्या घेतल्या. सारवण घेतलं. आता हेही हिच्याकडेच आलं. अनिताला आजवर जेवढा म्हणून हेवा वाटला होता, तो याच्यापुढे काहीच नव्हता. मखर करणाऱ्या हातांचा हेवा करता येतो, शिकून घेऊ म्हणता येतं. पण हे कुठून शिकायचं? आणि ती गप्प राहिली तर तेही कायमचं रुपालीचंच होऊन जाणार होतं, आणि आपण पुन्हा नऊ वर्षांच्या, पदराआड.

"खोटं बोलतेय ती," अनिता म्हणाली.

सगळे वळले.

"ती मला सांगत होती. काल पण, आज पण. मी ऐकूनच घेतलं नाय. रखमीनं सांगितलं, तिचंही ऐकलं नाय." तिचा शाळेतला आवाज कुठच्या कुठे गेला होता. "न् दहांत एक कापायची, हे रखमीनं मला रानातच सांगितलेलं. मी सगळी कापली, बाबा. मखराला एवढी लागत नव्हती. हिला कापायला काय उरू नये म्हणून कापली."

आत्याच्या हातातला अडकित्ता तसाच उघडा राहिला.

देवराम उठला. दोरी त्यानं खुंटीला अडकवली.

"एकही नाय ठेवलंस?"

"कपारीत एक आहे. हात पुरला नाही म्हणून."

"कारव फुलती न् मरती, पोरी," तो म्हणाला. रागावला नव्हता, लहान मुलाला सांगावं तसं सांगत होता आणि तेच जास्त वाईट होतं. "झाड काय रायत नाय. फुललं की बी धरतं, उन्हाळ्यात बोंडं तडतडतात, बी पडतं, त्याच्यातनं पुढची आठ वरसं. तुझी आय म्हणून दहांत एक घ्यायची. बी धरायच्या आधीच तू कापलीस. आता तिथं काय उगवनार?"

तो अंगणात निघून गेला. त्याची पाठ दारातून दिसत होती. तो वरच्या वावराकडे बघत उभा होता आणि अनितानं पहिल्यांदाच त्याला तिथे असं एकटं बघितलं.

"ताई," रुपाली म्हणाली, आणि तिचा आवाज आता तसा राहिला नव्हता. "मला उरू नये म्हणून? माझ्याकडं काय होतं म्हणून तुमी..." ती थांबली, मग एकदम भडभडून बोलत सुटली. "दोन हजार साली मी नवी सून. आईंच्या शेजारी बसून दिसभर बांधलं. दिसभर त्या काय बोलत होत्या सांगू? अनी अशी वाचती. अनीचं अक्षर असं. अनी आज आली नाय, तिच्या शाळंत मोठे सायब आलेत. माझी बोटं सोलून निघाली तरी एक शब्द नाय बोलल्या, रुपाली दमलीस का म्हणून. दर वक्ताला हेच. सारवताना तुमी, लोंब्या काढताना तुमी. मी म्हणायची, हातानं करते मी न् तोंडात नाव यांचं! लोंबी वाकडी काढली ना, तवा कुठं एकदा म्हणाल्या, बरी जमली. म्हणून मी आजपतूर वाकडीच काढते."

जगन तोंड उघडं टाकून बायकोकडे बघत होता. आठ-नऊ वर्षांत त्यानं तिला इतकं बोलताना ऐकलं नव्हतं.

"बास गो बायांनो," आत्या म्हणाली, पण तिच्यात नेहमीचा जोर नव्हता. "मेलेल्या बाईला वाटून घेताय होय? उद्या देव बसायचाय."

जगन पुढे झाला. "कपारीतली एक हाय ना? मी शिडी लावतो. आता कापली, पाण्यात ठेवली तर उद्या फुलंल. एक तर एक. देवाच्या डोक्यावर कारव लागल. मी माणसांना सांगितलंय."

त्यानं कोयता उचलला. रुपालीच्या चेहऱ्यावरून कळत होतं की तिलाही ती हवी होती. एक फांदी, नीट कापलेली, नीट ठेवलेली, उद्या आरतीच्या वेळी उमललेली. ती बघणाऱ्या प्रत्येकाला कळलं असतं की सकूबाईचं काम कुणाला येतं. अनितालाही ती हवी होती. निदान देवापुढे आईची कारव होती, एवढं तरी म्हणता आलं असतं. आणि झालेलं थोडं झाकलं गेलं असतं.

"ती राहू दे, जगन," ती म्हणाली.

"आन उद्या माणसं इचारतील तवा?"

"मी सांगेन. तू नाय, रुपाली नाय. मी सांगेन. ती एक तरी बी धरू दे."

जगननं बापाकडे बघितलं. देवराम अंगणातून वळला नाही, पण त्यानं मान हलवली. जगननं कोयता खाली ठेवला.

दिवस मावळायला तास-दीड तास होता. रुपालीनं डोळे पुसले, पदर खोचला आणि ती मखरापाशी येऊन अनितानं मारलेल्या गाठी सोडायला लागली. त्या सुटत नव्हत्या. दातांनी सोडाव्या लागल्या. रखमीनं ओढ्याकाठचा तेरडा आणून टाकला, परसातून हळदीची पानं आली, सागाची रुंद पानं आली. रुपालीनं कारवीची मेलेली कणसं छाटली आणि उघड्या काठ्या तशाच ठेवल्या. त्या सरळ होत्या, सुंदर होत्या. त्यांच्यावर ती पानं बांधत गेली. अनिता फुलं वेचत होती. सारवणाला चिकटलेली फुलं नखानं काढावी लागत होती आणि प्रत्येकाचा एक काळसर डाग मागे राहत होता.

सकाळी गणपती बसला. हिरवं, साधं मखर. आरती झाली, मोदक झाले, आणि दहाच्या सुमारास टोकावड्याची माणसं चढण चढून आली. पुढे जगनचा मित्र, मागे त्याची बायको, मुलं, म्हातारी आई.

म्हातारीनं देवाला हात जोडले आणि इकडेतिकडे बघितलं. "कारवीचं मखर म्हणला हुतात ना? डोंगर तर फुललाय. सकू आसती तर..."

आत्यानं घाईघाईनं तोंड उघडलं. "आवो, यंदा पावसानं..."

"मी खराब केली," अनिता म्हणाली. "सगळी कापून आणली, तीही भलत्या वेळी. बी सुद्धा राहिलं नाही. मी सकूबाईंची मुलगी."

म्हातारीनं तिला नीट निरखून बघितलं. "कोंची? ती मास्तरीन? लई सांगायची तुझं," ती म्हणाली, आणि मग देवापुढचा प्रसाद घेऊन बसली.

त्यानंतर दुपारपर्यंत तीन घरची माणसं आली. तिघांनीही विचारलं आणि तिनं तिघांनाही सांगितलं. तिसऱ्या वेळी आवाज थोडा कमी कापला.

दुपारी मखराची एक बाजू सैल होऊन पानं खाली झुकली. रुपाली पाटावर चढली आणि मागे न बघता म्हणाली, "ताई, हे टोक धरा. सोडू नका. मी गाठ मारते."

अनितानं सुंभाचं टोक धरलं. रुपालीची बोटं एकदा वर, एकदा खाली, मग फासातून उलटी फिरली, इतक्या चटकन की गाठ कशी बसली ते कळलंच नाही. दारात उभा असलेला देवराम ते बघत होता. "सकूची गाठ," तो म्हणाला, रुपालीच्या हाताकडे बघून.

अनिताला पुन्हा तोच जुना हेवा वाटला. काल होता तेवढाच, तिळभरही कमी नाही. तिनं टोक सोडलं नाही.

"परत मार," ती म्हणाली. "हळू. मला बघू दे."